शेपटीचे शब्द

ग्रिम्सबीच्या मेथॉडिस्ट हॉलच्या किल्ल्या
माझ्याकडे असतात.
मंगळवारी सात ते नऊ इंग्रजीचा वर्ग,
नऊनंतर खुर्च्या रचायला मी.
म्हणून मागे बसून राहतो, रेडिएटरला पाठ लावून,
माझीच भाषा दुसऱ्यांना शिकवताना ऐकत.

मिस ऑटोवे फळ्यावर लिहितात, गिव्ह.
देणे. हे सगळ्यांना येतं.
मग त्याला एक इवलंसं अप चिकटवतात
आणि देणं संपतं, सोडून देणं सुरू होतं.
इन लावलं तर हार.
अवे लावलं तर गुपित फुटलं.
त्रेसष्ट वर्षं मी हे बोलत आलो,
या शेपट्या कधी मोजल्या नाहीत.
चालताना पायाची बोटं कोण मोजतं?

दानुता माशांच्या कारखान्यात हॅडॉक कापते.
पहिल्याच आठवड्यात मुकादम ओरडला, नॉक ऑफ!
नॉक म्हणजे ठोकणे, तिनं लिथुआनियातच पाठ केलेलं.
काय ठोकायचं, कुणाला ठोकायचं,
सुरी हातात घेऊन ती उभीच,
आणि बाकीच्या बायका एप्रन सोडून
बसस्टॉपपर्यंत पोचल्यासुद्धा.
सांगताना इतकी हसली की डोळे पुसावे लागले.
मुकादमाला मी ओळखतो, बार्नी स्कर्थ.
ठोकणाऱ्यातला नाही तो.

हालिना विचारते,
बस ब्रेक डाउन झाली, बरोबर?
बरोबर.
आणि माणूस?
माणूसही होतो, मिस ऑटोवे म्हणतात,
आणि खडू उगाच बोटांत फिरवत राहतात.
हालिना वहीत दोन वाक्यं लिहिते.
पहिल्यात बस.
दुसऱ्यात, वाकून पाहिलं मी, पाहायला नको होतं,
तिच्या भावाचं नाव.

पुट अप विथ म्हणजे सोसणे.
तेस्फालेम बोटं मोजतो. तीन.
आमच्याकडे एका शब्दात सोसून होतं, म्हणतो,
तुम्हाला तेवढ्यालाही मदतनीस लागतात?

त्या मंगळवारी मीच हात वर केला,
हजेरीत नाव नसलेल्या माणसानं.
वेट अप, म्हटलं. हे कसं सांगाल?

घरी फ्रिजवर एक चिठ्ठी आहे,
खेकड्याच्या आकाराच्या चुंबकाखाली.
विनीनं बिंगोला निघताना घाईत लिहिलेली.
ओव्हन टर्न डाउन कर.
कचऱ्याचे डबे पुट आउट.
डोन्ट वेट अप.
तीन ओळी, तिन्हींना शेपूट.
पहिल्या दोन मी त्याच रात्री पाळल्या,
हॉस्पिटलचा फोन येण्याआधी.
तिसरी अजून जमत नाही.
हे काही मी वर्गात बोललो नाही.

वेट म्हणजे वाट पाहणे, मिस ऑटोवे म्हणाल्या,
आणि अप लागलं की न झोपता वाट पाहणे.
दानुतानं लिहून घेतलं.
तेस्फालेम मात्र मान हलवत होता.
त्याचा चुलतभाऊ मिनियापोलिसला टॅक्सी चालवतो,
तिकडे वेट अप म्हणजे
अरे थांब की जरा,
चाल हळू कर, मी मागे राहिलोय.
तिकडे तसंही म्हणतात, मिस ऑटोवेंनी मान्य केलं,
आणि घड्याळाकडे पाहिलं.

नऊ. खुर्च्या आठ-आठच्या चार थप्प्यांत.
हीटर ऑफ, दार लॉक अप,
किल्ली एकदा वळवायची, मग हँडल ओढून खात्री.
गोदीकडून वारा, त्यात मीठ आणि डिझेल.
रस्ता दिव्यापासून दिव्यापर्यंत रिकामा.
मी ते एकदा म्हणून पाहिलं,
मिनियापोलिसच्या अर्थानं,
फार मोठ्यानं नाही.

पुढे कुणाचं तरी कुत्रं चाललं होतं.
ते थांबलं.
वळून, मी येईपर्यंत, उभं राहिलं.